उघडी कपाटं

१० जून २०२४, सोमवार

संध्याकाळी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा झाली. विषयपत्रिका लांब होती, पण बोलणं एकाच विषयावर झालं: सभासद घटतायत. मोबाईलने वाचन संपवलं, हे जो तो आपापल्या शब्दांत सांगत होता. मला ते पटत नाही. एसटी स्टँडवर बसलेली माणसं मोबाईलमध्ये काय बघत असतात? कुणाच्या घरातलं भांडण, कुणाचा प्रवास, कुणाची झालेली फसवणूक. म्हणजे गोष्टच. गोष्टीची भूक आहे तशीच आहे. ती भूक घेऊन कुणी आमच्या दारात आलं तर त्याला समोर काय दिसतं, हे आधी बघायला हवं.

काय दिसतं ते मी सभेत सांगितलं. लाकडी काउंटर, त्यामागे काचेची कपाटं, कपाटांना कुलपं. वाचकाने चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं आणि मी किंवा शिपाईमामांनी ते काढून आणायचं. नाव ठाऊक नसेल तर सूचीची जाडजूड वही चाळायची. आता, ज्याला नाव ठाऊक आहे तो आधीपासूनच वाचणारा आहे. नवा माणूस नाव घेऊन येत नाही. त्याला बघायचं असतं, हाताळायचं असतं, दोन पानं वाचून परत ठेवायचं असतं. ती सोय आमच्याकडे नाही.

कपाटं उघडी करू या, असं मी सुचवलं. कार्यवाह सर म्हणाले, "आणि पुस्तकं गेली तर? तपासणीला दाखल नोंदवही आणि कपाट जुळलं पाहिजे." सरांची काळजी खरी आहे. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाल्यापासून आमच्यासारख्या संस्था शासनाच्या अनुदानावर उभ्या आहेत, आणि नोंदी चोख नसल्या तर अनुदानावर गदा येते. तरी मी आग्रह सोडला नाही. बालविभाग आणि कथा-कादंबऱ्या दिवाळीपर्यंत उघड्या ठेवून बघायचं, एवढं मंजूर झालं.

१३ जून, गुरुवार

दोन दिवस नुसती झाडझूड. कसरीने चाळणी केलेली, पानं गळणारी पुस्तकं बाजूला काढली. त्यांची रीतसर यादी होईल, मंडळाचा ठराव होईल, मगच ती बाद होतील. पण तोवर त्यांनी नव्या पुस्तकांची जागा अडवायचं कारण नाही. कपाट अर्धं रिकामं झालं आणि उरलेली पुस्तकं एकदम नजरेत भरायला लागली. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, पुस्तकं वाढल्यागत वाटत्यात."

२० जून, गुरुवार

मराठी कादंबऱ्यांच्या कपाटावर ८९१.४६३ असा आकडा चिकटवलेला होता. ड्यूई यांनी १८७६ साली काढलेली ही दशांश पद्धत ग्रंथपालाच्या फार कामाची आहे. पुस्तकाच्या पाठीवर तो आकडा हवाच, नाहीतर पुस्तक पुन्हा जागेवर जायचं नाही. पण वाचकाला त्यातून काय कळणार? आज जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात पाट्या लिहिल्या: रहस्यकथा, भयकथा, गावाकडच्या कथा, ऐतिहासिक, आत्मचरित्रं, आजार आणि आरोग्य, शेती, पोरांसाठी. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी शेजारी आले. बाबूराव अर्नाळकर आणि सुहास शिरवळकर डोळ्यांच्या उंचीवर ठेवले. मंडळातल्या एका ज्येष्ठांना ते रुचलं नाही. ज्ञानपीठवाले खांडेकर खाली आणि अर्नाळकर वर कसे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आबा, 'ययाती' मागणारा वाकून घेतो. पहिल्यांदा आलेला वाकत नाही."

१ जुलै, सोमवार

फळ्याचं काम आजपासून हातात घेतलं.

वाचनालयाबाहेर रस्त्याकडे तोंड करून एक काळा फळा आहे. त्यावर वर्षानुवर्षं वाचनाचं महत्त्व सांगणारी सुवचनं लिहिली जातात. ती थांबून वाचताना मी कुणालाही पाहिलेलं नाही. वाचन चांगलं असतं हे सगळ्यांना मान्यच आहे, त्यासाठी कुणी पायरी चढत नाही. माणूस पायरी चढतो ते "पुढे काय झालं?" एवढ्यासाठी.

आज लिहिलं: "एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. वाडीत पोरं आहेत, पण ती मेंढरांमागं. शाळा भरते का? 'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकर. कपाट ३, वरून दुसरा कप्पा."

मनाशी नियम ठरवले. फळा रोज बदलायचा, शाळा भरायच्या आत. अप्रतिम, वाचनीय, संग्राह्य हे शब्द वर्ज्य. पुस्तकातली एक घटना सांगायची, एक प्रश्न टाकायचा आणि पुस्तक नेमकं कुठे मिळेल ते लिहायचं. जे पुस्तक मी वाचलेलं नाही ते फळ्यावर घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. न वाचता केलेली शिफारस वाचक लगेच ओळखतो.

४ जुलै, गुरुवार

'बनगरवाडी'च्या दोन्ही प्रती बाहेर गेल्या. दुसरी नेली ती मेंढरं राखणाऱ्या कुटुंबातल्या मुलीने, अकरावीत आहे. "आज्ज्याला वाचून दावायची हाय," म्हणाली.

११ जुलै, गुरुवार

शंकरराव खरातांचा जन्मदिवस. १९२१ साली ते इथेच, आटपाडीत जन्मले. वडील गावकीचं काम करायचे. मुलगा वकील झाला, 'प्रबुद्ध भारत'चा संपादक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. फळ्यावर हेच लिहिलं आणि खाली त्यांच्या आत्मचरित्राचं नाव, 'तराळ-अंतराळ'.

आमच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे बसतात. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी. गेल्या काही वर्षांत गावोगावची वाचनालयं याच मुलांनी भरलेली दिसतात, आणि जाणती माणसं म्हणतात, ही मुलं आपली पुस्तकं आणतात, आपल्या पुस्तकांत बसतात, वाचनालयाशी त्यांचा संबंध फक्त पंख्याचा. मला हे बोलणं कठोर वाटतं. घरी खोली नसलेल्या पोराला बसायला जागा देणं हेही वाचनालयाचंच काम आहे. शिवाय दिवसातले दहा-बारा तास तो आमच्या छपराखाली असतो. त्याच्यापर्यंत एक पुस्तक पोचवणं आम्हाला जमत नसेल तर बाहेरचे वाचक कुठून आणणार?

जिन्याच्या वळणावर, जिथे ती मुलं चहाला उतरताना रेंगाळतात, तिथे एक लहान मांडणी ठेवली. त्यात फक्त आत्मचरित्रं. नोंदणी नाही, वर्गणी नाही. इथेच वाचायचं आणि परत ठेवायचं. दुपारी खरातांचं पुस्तक एकाच्या हातात होतं. उभ्यानेच वाचत होता. संध्याकाळी येऊन म्हणाला, "मॅडम, हे रूमवर नेलं तर चालेल का?"

३० जुलै, मंगळवार

शिलाईकाम करणाऱ्या एक ताई पहिल्यांदाच आत आल्या. फळा रोज वाचतात म्हणाल्या, दुकान समोरच आहे. सभासद का होत नाही, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते:

"तुमची येळ सकाळी आठ ते अकरा आन् सांजचं पाच ते आठ. सकाळी माझं डबं असत्यात, सांजंला सैपाक. म्हंजे आमच्यासाठी ह्ये कवाच उघडं नसतंय."

गावातल्या निम्म्या माणसांना वगळणारी वेळ आम्ही इतकी वर्षं पाळत आलो. ती कुणी मुद्दाम ठरवली नसेल. नोकरदार आणि पेन्शनर पुरुषांच्या सोयीने ती बसत गेली असणार. वेळ बदलायला पैसे लागत नाहीत, पण माणूस लागतो. मामांना दोन्ही वेळांच्या मधे घरी जावं लागतं. दोन निवृत्त शिक्षिकांशी बोलले. आठवड्यातून तीन दुपारी, एक ते चार, देवघेव सांभाळायला त्या तयार आहेत, मानधनाशिवाय.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज डॉ. शि. रा. रंगनाथन यांची जयंती, आपला ग्रंथपाल दिन. हार घातला, पेढे वाटले. मग त्यांची पाच सूत्रं पुन्हा काढून वाचली. १९३१ मधलं पुस्तक आहे. गणित शिकवणारा हा माणूस १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि वापर हाच पुस्तकाचा धर्म आहे, इथून त्याने सगळं शास्त्र उभं केलं. वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणाऱ्या मुक्तद्वार पद्धतीसाठी ते आयुष्यभर भांडले. चोरीची भीती त्यांच्याही काळात होती. कुलूप लावून ठेवलेलं पुस्तक वाचकाच्या दृष्टीने आधीच हरवलेलं आहे, असं मला त्यांच्या विचारातून कळतं, आणि सरांनाही मी आज हेच सांगितलं. सर गप्प राहिले, मग म्हणाले, "चरित्रांचं कपाटसुद्धा उघडा."

दुपारची वेळ आजपासून सुरू. पहिल्या दिवशी बायका आल्या, काउंटरपाशी दबकत उभ्या राहिल्या. निवृत्त शिक्षिकांपैकी एका बाईंनी आतून हाक मारली, "अगं या की आत, हात लावून बघा." तासाभरात त्या कपाटांपुढे मांडी घालून बसल्या होत्या.

३१ ऑगस्ट, शनिवार

बाजारच्या दिवसाची गर्दी वाचनालयावरून जाते आणि आत येत नाही. म्हणून टेबलच बाहेर काढलं, ओट्यावर. त्यावर फक्त शेतीचं: राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी', डाळिंबावरच्या पुस्तिका, शेळीपालन, ठिबक. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून शिवारं बदलली, पण डाळिंबावरचे तेल्या आणि मर हे रोग काही शेतकऱ्याला झोपू देत नाहीत. एक काका तेल्याचं पान काढून उभ्याने वाचायला लागले, चष्मा नव्हता, तर बरोबरच्या नातवाने मोठ्यांदा वाचून दाखवलं. भोवती पाच-सहा माणसं जमली आणि औषधाच्या प्रमाणावरून वाद सुरू झाला. आमच्या ओट्यावर पुस्तकातल्या मजकुरावरून वाद! फार समाधान वाटलं.

दोघांनी विचारलेलं आमच्याकडे नव्हतं. त्यासाठी एक मागणीवही केली. वाचकाने मागितलं आणि मिळालं नाही, ते सगळं त्यात लिहायचं. पुढची खरेदी या वहीवरून व्हावी. आजवर खरेदी प्रकाशकांच्या सवलतींच्या यादीवरून होत आली, आणि म्हणूनच कित्येक पुस्तकांच्या मागच्या तारखेच्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपतीत गणेश मंडळाच्या पोरांनी फळ्यापुढेच स्पीकर लावला. फळा दिसेना. त्यांच्या अध्यक्षाला सांगितलं, त्याने लगेच हलवला. "ताई, तुमचा फळा आम्ही पण वाचतो," म्हणाला. काल 'रणांगण' लिहिलं होतं: दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून मायदेशी निघालेली बोट, आणि बोटीवर भेटलेली दोन माणसं. बेडेकरांची ही कादंबरी १९३९ ची. स्पीकर उचलणाऱ्यानेच ती मागितली.

१ ऑक्टोबर, मंगळवार

गदिमांचा जन्म १९१९ साली आजच्याच तारखेला आमच्याच तालुक्यातल्या शेटफळ्यात झाला. त्या निमित्ताने गेले काही दिवस जे मनात होतं ते केलं: 'आपली माणसं' असं एक वेगळं कपाट, दारातून आत येताच दिसेल असं.

या एका दुष्काळी तालुक्याने मराठीला काय दिलं ते बघा. ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश १९८३ साली अंबाजोगाईला. लगेच पुढच्या वर्षी, १९८४ ला, जळगावला शंकरराव खरात. तीन अध्यक्ष एका तालुक्याचे. आणि त्यांची पुस्तकं आमच्याच वाचनालयात तीन वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेली, त्यातली काही कुलपाआड होती. परगावचा पाहुणा आला तर त्याला हे कपाट दाखवता यावं, आणि गावातल्या पोराने ते बघून ओळखावं की लिहिणारी माणसं आपल्याच मातीत होतात. 'माणदेशी माणसं' १९४९ चं आहे. त्यातली बोली आजही बाजारात कानावर पडते. आपली भाषा छापलेली बघितली की वाचायची भीती जाते, हे मी आता रोज बघते आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर. पेपर वाचायला आलेल्या आजोबांनी पेढे आणले. फळ्यावर बातमीचं कात्रण लावलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

डॉ. कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन. दरवर्षी शाळेतून मुलांच्या रांगा येतात, भाषणं होतात, फोटो निघतो, रांगा परत जातात. दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही मूल येत नाही. यंदा मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घेतलं. भाषण नाही. मुलं वर्गावर्गाने आली, तासभर बालविभागात सोडली, आणि जाताना प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं कार्ड आणि स्वतः निवडलेलं एक पुस्तक. परत करायची तारीख कार्डावर. म्हणजे पुन्हा यायचं कारण त्याच्या दप्तरातच आहे. 'फास्टर फेणे'वरून दोन मुलांची झोंबाझोंबी झाली, ती मिटवायला बाई धावल्या.

वाचनालयात होणाऱ्या कार्यक्रमांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. कार्यक्रमाला श्रोते येतात. श्रोत्याच्या हातात पुस्तक देऊन पाठवलं तरच तो वाचक होतो. व्याख्यान कितीही रंगलं आणि व्याख्यात्याची पुस्तकं त्याच सभागृहात टेबलावर मांडलेली नसली, तर संध्याकाळ वाया गेली म्हणायची.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी अंकांची योजना दरवर्षीचीच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून ही मराठीची स्वतःची परंपरा. या दिवसांत गावात गलाईवाली कुटुंबं आलेली असतात. आमच्या आणि विट्याकडच्या भागातली ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. दिवाळीला येतात, अंक चाळतात, परत जातात. तिकडे मराठी पुस्तकाचं दुकान नाही, पोरं शाळेत तिथली भाषा किंवा इंग्रजी शिकतात.

कोइमतूरला धंदा असलेले एक दादा म्हणाले, "पोराला मराठी बोलता येतंय, वाचता येत नाही. काय करायचं सांगा." त्यांच्याशी बोलता बोलता बडोदा आठवलं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला, संस्थानभर मोफत वाचनालयं उभी केली, आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. वाचक येत नसेल तर पुस्तकाने जायचं, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी आपल्याच एका राजाने करून दाखवलेली आहे. मग आमच्या पत्र्याच्या पेटीला कोण अडवतंय? मंडळाने अनामत घेऊन पेटी द्यायला मान्यता दिली. पहिल्या पेटीत मोठ्या अक्षरांची गोष्टींची पुस्तकं, 'बनगरवाडी', गदिमांचं थोडं, काही दिवाळी अंक. दादा उन्हाळ्याच्या सुट्टीत येतील तेव्हा ती बदलून नेतील.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ग्रंथालय सप्ताह सुरू. त्यातच उत्तरेश्वराची कार्तिक यात्रा, गावात शेळ्या-मेंढ्यांचा बाजार. ओट्यावरचं टेबल दिवसभर चालू. मामांचा घसा बसला.

दिवाळीपर्यंतची मुदत संपली म्हणून सरांनी उघड्या कपाटांची मोजदाद करून घेतली. काही पुस्तकं नाहीत. थोडी आहेत, आणि त्यातली काही बहुधा परत येतील. सरांनी तेवढ्या ओळींवर पेन्सिलने खुणा केल्या आणि उरलेली कपाटं उघडायचा ठराव स्वतःच्या हाताने लिहिला. दुर्मीळ ग्रंथांचं एक कपाट मात्र बंद राहील. ते योग्यच आहे.

२२ डिसेंबर, रविवार

मंडळातले आम्ही काहीजण भिलारला जाऊन आलो. महाबळेश्वर-पाचगणीजवळचं हे गाव ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. घरांच्या पडव्यांत, लॉजमध्ये, देवळात कपाटं, कुणीही यावं आणि बसून वाचावं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून घेतलेली, पण तिथे पुस्तकांची विक्री आहे आणि इथे वाचन मोफत. एका घरातल्या काकूंनी पाणी दिलं आणि कुठलं पुस्तक कुठे आहे ते न बघता सांगितलं. मला सगळ्यांत जास्त आवडल्या त्या काकूच. भिलारला स्ट्रॉबेरी आणि थंड हवा पाहुणे आणून देतात. आमच्याकडे ऊन आहे. आमचा वाचक गावातलाच असणार आणि तो पुन्हा पुन्हा यायला हवा. पण घराच्या पडवीतलं कपाट आमच्या वाड्यांवस्त्यांवरही जमण्यासारखं आहे. येताना गाडीत हीच चर्चा.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

फळा लिहायला आता मी एकटी नाही. अकरावीतली ती मुलगी मंगळवारी लिहिते, अभ्यासिकेतला एकजण शुक्रवारी. शिलाईवाल्या ताईंनी वाचलेल्या पुस्तकाबद्दल सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत फळ्यावर उतरवलं, खाली त्यांचं नाव घातलं. त्या दिवशी फळ्यापुढे सगळ्यांत जास्त माणसं थांबली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. नवे सभासद येतायत, जुने परततायत, दुपारच्या वेळेला जागा अपुरी पडते. मंडळाने वस्त्यांवर पाच पेट्या ठेवायला मंजुरी दिली. पेट्या आहेत, पुस्तकं कमी आहेत. म्हणून आज फळ्यावर गोष्ट न लिहिता हे लिहिलं:

"वस्तीवरच्या पेट्यांसाठी पुस्तकं हवी आहेत. घरात वाचून झालेली, पानं शाबूत असलेली पुस्तकं आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे दिवाळी अंक आणून द्या. लहान मुलांची पुस्तकं असतील तर आधी ती. परगावी राहणाऱ्यांनी सुट्टीला येताना घेऊन यावीत आणि जाताना एक पेटी घेऊन जावी. ज्यांच्या पडवीत पेटी ठेवायला जागा आहे आणि दिवसातून एक तास दार उघडं ठेवता येईल, त्यांनी दुपारी एक ते चार या वेळेत आत येऊन नाव नोंदवावं."